न्यूट्रल कुठे आहे?

वडिलांनी कोथरूडमध्ये इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं, तेव्हा भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून वायर नेत. मी हाताशी आलो तोवर कन्सिल्डचे दिवस आले होते, वायर भिंतीच्या आत लपवायची, त्यामुळे छिन्नीने भिंती फोडणं माझ्या वाट्याला आलं.

ऑक्टोबर २०१७मध्ये ॲमेझॉनचे तोंडी हुकूम ऐकणारे इको स्पीकर भारतात आले, पुढच्या एप्रिलमध्ये गुगल होम. एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा तसला एक डबा काखेत मारून दुकानात हजर. "काका, आता हा दिवे लावणार ना?" स्पीकर दिवे लावत नाही, हे तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं. तो फक्त ऐकतो. बोललेलं कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथे त्याचा अर्थ लागतो आणि निरोप फिरून घरातल्या वायफायवरून बटणांच्या बोर्डामागे बसवलेल्या छोट्या यंत्रापर्यंत, मॉड्यूलपर्यंत येतो. फेज (वीज आणणारी वायर) जोडायची-तोडायची ती त्या मॉड्यूलमधल्या रिलेने, विजेवर चालणाऱ्या छोट्या खटक्याने. म्हणजे काम शेवटी वायरमनचंच.

पहिल्याच घरात बोर्ड उघडला आणि अडलो. मॉड्यूलला स्वतः जागं राहायला न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर लागते. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये प्लग असलेल्या बोर्डात न्यूट्रल सापडतो, पण नुसत्या बटणांच्या बोर्डात फेजच असते. जिन्यातला, बाथरूमबाहेरचा बोर्ड हमखास तसला. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलंही मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा करंट ओढतात आणि एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. आम्ही ती दोनदा बसवली आणि दोनदा काढली. आता कोणी फोन केला की आधी बोर्डाचा फोटो मागतो. स्पीकर कोणता घेतलाय, हे त्यानंतर.

सगळ्यात महाग शिकवणी गिझरची. २००० वॅटचा गिझर म्हणजे पावणेनऊ अँपिअर. मी १० अँपिअर लिहिलेल्या रिलेवर विसंबलो. तीन महिन्यांत रिलेचे पॉइंट चिकटले. मोबाइलवर 'बंद' दिसतंय आणि गिझर चालूच. थर्मोस्टॅट शाबूत होता म्हणून निभावलं. तेव्हापासून गिझर आणि मोटरला कॉन्टॅक्टर, म्हणजे जड लोड पेलणारा दणकट रिले, लावल्याशिवाय आम्ही हात लावत नाही, मग कोणी "दुसरा स्वस्तात करतो" म्हणो.

दुसरा फटका वेगळाच होता. ज्या कंपनीची मॉड्यूलं लावत होतो, तिने एक दिवस सर्व्हरच बंद केला. चौदा फ्लॅट एकदम मुके. दिवे बटणांवर चालत होते, कारण 'भिंतीवरचा खटका कायम चालला पाहिजे' हा वडिलांचा हट्ट आम्ही पहिल्यापासून पाळला होता. तरी गिऱ्हाइकाने पैसे बोलण्यासाठी मोजलेले. सगळी मॉड्यूलं पदरमोड करून बदलली. त्या वर्षी दुकानाचं रंगकाम राहिलं. आता इंटरनेट गेलं तरी निदान मोबाइलवरून घरातल्या घरात चालेल, असाच माल घेतो. २०२२मध्ये मॅटर नावाचं मानक आलं. वेगवेगळ्या कंपन्यांचा माल त्यामुळे एकमेकांशी बोलू लागलाय, आणि त्याचा रोख घरातल्या घरात चालण्यावरच आहे.

राहिली भाषा. इकोमधल्या अलेक्साला २०१९पासून हिंदी कळू लागलं, म्हणून आमच्या घराघरांत मराठी माणसं भिंतीशी हिंदी बोलतात. एका आजींनी "अगं बाई, देवघरातला दिवा लाव की" असं चारदा विनवून पाहिलं, मग उठून स्वतःच लावला. नावं ठेवण्याचंही तंत्र असतं. 'फॅन वन, फॅन टू' कोणाच्या लक्षात राहत नाही. आम्ही घरच्यांनाच विचारतो, तुम्ही या दिव्याला काय म्हणता? एका घरात एक दिवा 'बाबा' आहे, कारण तो बाबांच्या खुर्चीवर आहे.

खरं सांगायचं तर महिन्याभरात बहुतेक घरांत स्पीकर सकाळी अभंग लावतो आणि रात्री दिवे मालवतो, बास. गुडघ्यांनी त्रस्त माणसं मात्र त्याला सोडत नाहीत. रात्री अंधारात बटण चाचपायला उठावं लागत नाही, एवढ्यासाठी त्यांनी दुप्पट पैसे दिले असते.

आता कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्या पाडून नव्या इमारती उभ्या राहतायत. प्रत्येक साइटवर जाऊन मी एकच सांगतो: पाइप टाकतानाच प्रत्येक बोर्डात न्यूट्रल सोडा, आणि बोर्डामागचा डबा खोल ठेवा. एका वायरीचा खर्च. दोन बिल्डर ऐकतात. बाकीच्यांच्या इमारतीत ताबा मिळाल्यावर महिन्याभरात छिन्नी घेऊन आम्हीच जातो.