तुम्ही विचारलंत म्हणून: त्या उतारावरून मागे का फिरले

येऊरच्या फाटकापाशी, नौपाड्यात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तोच प्रश्न. "ताई, आकाश निळंशार होतं, बर्फ जेमतेम गुडघ्याच्या वर. दुसऱ्या दिवशी सहा जण तिथूनच पार झाले. मग तुम्ही आठ जणांना मागे का आणलंत?"

'जेमतेम' हाच शब्द मला सलतो. डिसेंबरचा पहिला आठवडा, मनालीजवळ सोलंगच्या वरचा उत्तरेकडचा उतार. बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास, वर रात्रीची कडाक्याची थंडी, आणि मध्ये फक्त पन्नास सेंटिमीटर. दर दहा सेंटिमीटर जाडीला तापमानात एक अंशाहून जास्त फरक पडला की खालची वाफ वर सरकते आणि कणांना कोपरे फुटतात. ते एकमेकांना धरत नाहीत. बर्फ जाड असता तर तोच फरक विरून गेला असता. ऑक्टोबरातला पहिला बर्फ उन्हाच्या बाजूला वितळून गवत दिसत होतं, म्हणून सगळे निर्धास्त होते. सावलीत मात्र तो महिनाभर टिकला, आणि जिथे टिकला तिथेच कुजला. त्यावर वाऱ्याने नवा बर्फ आणून दाबून बसवला. घसाऱ्यावर फरशी ठेवावी तसं.

"हिमस्खलनाचा सीझन तर सुरूच झाला नव्हता," असंही म्हणतात. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर गिर्यारोहण शिकायला गेलेली मुलं हिमस्खलनात गेली ती ४ ऑक्टोबर २०२२ ला.

बर्फाचे थर किती घट्ट बसलेत ते पाहायला मी खड्डा खणला. तीस बाय तीस सेंटिमीटरचा खांब मोकळा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि थापा मारायला लागले. दहा मनगटातून, पुढच्या दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून, अशी ती पद्धत. बाराव्या थापेला वरची लादी अख्खीच्या अख्खी माझ्या मांडीवर सरकली. खालचे कण मुठीत घेतले, गोळा होईना. जाड साखरेसारखे बोटांतून गळून गेले. भाचा शेजारी होता. म्हणाला, "मावशी, हा एकच खड्डा. दहा पावलांवर वेगळं असेल." बरोबरच होतं त्याचं. बर्फ दहा पावलांवर बदलतो.

म्हणून उताराच्या तोंडापर्यंत गेलो. कोन मोजला, छत्तीस अंश. म्हणजे बर्फ सुटून घसरण्याइतका. तेवढ्यात पायाखाली 'धप्प' झालं. कानांपेक्षा पोटातच जास्त ऐकू आलं ते. आजूबाजूचा सगळा बर्फ बोटभर खाली बसला आणि माझ्या बुटापासून एक चीर सरळ पुढे धावत गेली. कोणी बोललं नाही. मी म्हटलं, "मागे." वर्षभर रजा साठवून आलेली एक मैत्रीण तिथेच रडली. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आजवर सांगत आले की खड्डा पाहून निर्णय घेतला. ते खरं नाही. त्या आवाजाने घेतला, आणि तेव्हा माझे पाय लटपटत होते. आणखी एक. आठ जणांत बीकन, म्हणजे बर्फात गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र, तीनच होते. गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, हे ठाऊक असूनही मी तशीच निघाले होते. मागे फिरण्याचं श्रेय देता, तर याचाही जाब विचारा.

बारा वर्षांपूर्वी अशाच उतारावरून मी न खणता गेले होते आणि परत येऊन त्याला अनुभव म्हणाले होते. ती मी आजच्या मला भित्री म्हणते. तिला उत्तर देता येत नाही, कारण तिच्या उतारावरचा बर्फ सुटला नाही आणि मी सोडलेल्या उतारावरचाही सुटला नाही.

त्या सहा जणांचा फोटो मला कितीदा पाठवलात. मी तो मोठा करून पाहते. सहाही जण एकाच वेळी उताराच्या मधोमध आहेत.

भाचा यंदा पुन्हा निघालाय. परवा बीकन मागायला आला. नव्या बॅटऱ्या घालून दिला, प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, आणि फावडंही दिलं. "या वेळी उतार पार होईल ना गं?" त्याने विचारलं. मला सांगता आलं नाही.