शाळेतल्या शेरेबाजीची तक्रार : कॅनडातल्या ओंटारिओतला माझा अनुभव

आठवीच्या वर्गात ऑनलाइन फसवणुकीचा विषय चालू होता. आमच्या मुलाने काहीतरी प्रश्न विचारला, तर सरांनी अंगठा-करंगळीचा फोन कानाला लावला, मान डोलावली आणि भारतीय उच्चारांची नक्कल करत म्हणाले, "हॅलो सर, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे." वर्ग खो-खो हसला. पुढे मधल्या सुट्टीत पोरं त्याला दिसेल तिथे तसाच फोन लावून दाखवायला लागली. आम्हाला हे कळलं त्याच्या मित्राच्या आईकडून. चिरंजिवांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "आई, वाढवू नकोस ना."

मी वाढवलं.

मुख्याध्यापिका फोनवर गोड बोलल्या. "त्यांचा तसा हेतू नव्हता" हे वाक्य पहिल्यांदा तिथे ऐकलं, नंतर ते सगळीकडेच ऐकू आलं. फोन ठेवल्याबरोबर मी झालेलं सगळं बोलणं ई-मेलने त्यांना पाठवलं: कोणत्या तासाला काय घडलं, कोण हजर होतं, तुम्ही काय करणार म्हणालात. फोनवरच्या गोडव्याचा कागद होत नाही, म्हणून हे करायचं.

इथे सरकारी शाळेतला शिक्षक हा स्कूल बोर्डाचा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचा, नोकर. समज देणं, निलंबन, बडतर्फी हे सगळं बोर्डाच्या हातात, आणि त्यात युनियनचा करार असतो. मुख्याध्यापिकांच्या वर बोर्डाचा अधिकारी, सुपरिंटेंडेंट. त्यांचं पत्र आलं: चौकशी केली, योग्य ती पावलं उचलली, कर्मचाऱ्याची बाब गोपनीय असल्याने अधिक सांगता येत नाही. म्हणजे निलंबन झालं, समज दिली की चहा पाजून सोडून दिलं, काही कळायला मार्ग नाही. खरं सांगते, त्या पत्राने मूळ घटनेपेक्षा जास्त संताप आला.

मराठी मंडळातल्या एका काकांनी सल्ला दिला, "सरळ शिक्षणमंत्र्यांना लिही, पील बोर्डाचं काय केलं बघ." टोरंटोजवळच्या पील भागातल्या स्कूल बोर्डाचं ते प्रकरण खरंच मोठं होतं. तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवरच्या वंशभेदाची सरकारी समीक्षा झाली, मार्च 2020 मध्ये मंत्र्यांनी 27 निर्देश दिले, आणि अंमलबजावणी होत नाही म्हटल्यावर जूनमध्ये बोर्डावर थेट पर्यवेक्षक बसवला. निवडून आलेल्या ट्रस्टींच्या हाती कारभार परत गेला तो जानेवारी 2023 मध्ये. पण तिथे अख्खं बोर्ड नापास झालं होतं. मंत्र्यांना बोर्ड ताब्यात घेता येतं; एका वर्गातल्या एका शिक्षकाला जाब विचारणं हे त्यांचं काम नाही. काकांना हे पटवताना मात्र माझी अर्धी संध्याकाळ गेली.

माझ्या कामाचं दार वेगळंच निघालं: ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्स. नावात कॉलेज असलं तरी इथे शिक्षकांच्या परवान्याचं काम चालतं, आपल्याकडच्या मेडिकल कौन्सिलसारखं. तक्रार कुणीही करू शकतं, लेखी हवी. आधी तपास समिती बघते. ती प्रकरण निकाली काढू शकते, शिक्षकाला ताकीद देऊ शकते किंवा शिस्त समितीकडे पाठवू शकते. 2020 मध्ये गैरवर्तनाच्या नियमात नवं कलम आलं: वंश, धर्म वगैरे कारणांवरून कुणाविषयी द्वेष पसरेल असं बोलणं किंवा वागणं. पण द्वेषाची पट्टी उंच आहे. एका नकलेने ती ओलांडली असं सिद्ध करणं अवघड, म्हणून मी विद्यार्थ्याचा शाब्दिक आणि मानसिक छळ ही जुनी कलमंही तक्रारीत घातली. "रेसिस्ट" हा शब्द कुठेच लिहिला नाही. फक्त काय घडलं तेवढं, सरांच्याच शब्दांत. फोनच्या खुणेसकट.

मानवाधिकार न्यायाधिकरणाचा रस्ताही होता. तिथे घटनेपासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. आम्ही तो केला नाही. मुलाला साक्षीला उभं करायची माझी तयारी नव्हती, त्याची तर त्याहून नव्हती. कॉलेजची फाइल मात्र चालू आहे. तपासनीसाने अलीकडेच मित्राच्या आईचा नंबर मागून घेतला.