१३४ चेंडू

जानेवारी आला की न्यू जर्सीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पंचायत भरते. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये यंदा कोण जाणार? मतं देतात मुरलेले क्रीडापत्रकार. ७५ टक्के पडली की आत. पाच टक्क्यांच्या खाली घसरला, तर पुढच्या वर्षी यादीत नावच नाही. आम्हाला मत नाही, म्हणून आवाज मोठा.

पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हिशेब मात्र जमत नाही. त्याच्या खात्यावर ‘विजय’ मांडतात, आणि जिंकायला धावा काढायच्या त्या इतरांनी. वाढप्यांनी सांडायचं, बोल आचाऱ्याला. २००५ साली पिचर जोहान सँटाना नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी २.८७ धावा देत होता, बार्टोलो कोलोन ३.४८. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार कोलोनला! का, तर त्याचे विजय २१ आणि सँटानाचे १६. आधीचा २००४चा आणि नंतरचा २००६चा सँटानाकडेच आहे. मधलाही मिळता तर तीन झाले असते, जुन्या काळचा पिचर सँडी कूफॅक्सइतके. कूफॅक्स हात दुखतोय म्हणून तिशीत घरी बसला, तेव्हा विजय १६५. छत्तिसाव्या वर्षी हॉलमध्ये.

सँटानाचे १३९. २०१८ला त्याला मतं पडली २.४ टक्के. पहिल्याच फटक्यात बाद. त्याच उन्हाळ्यात पिचर जॅक मॉरिस आत गेला: २५४ विजय, सरासरी ३.९०. पत्रकारांनी पंधरा वर्षं दारात उभं केलेल्याला शेवटी हॉलच्या वेगळ्या समितीनं घेतलं. त्याच्यावर तरी कसं रागवावं? १९९१च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात एकट्यानं दहा इनिंग टाकून त्यानं एकही धाव दिली नव्हती.

“बाबा, टिकून राहणं सोपं असतं का?” लेक विचारतो. नसतं. म्हणून तर जास्त चिडतो मी.

१ जून २०१२. सँटानाच्या न्यूयॉर्क मेट्स संघाला पन्नास वर्षांत एकही नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही यशस्वी फटका मारू न दिलेला सामना, नव्हता. सँटानाच्या खांद्यावर दोन वर्षांपूर्वीच शस्त्रक्रिया झालेली. समोरच्या संघातल्या बेल्ट्रानचा एक फटका रेषेला चाटून गेला, पंचांनी बाहेर दिला. आमच्या घरात कुणी चकार शब्द काढला नाही. सँटानानं १३४ चेंडू टाकले, नो-हिटर पुरा केला. त्या मोसमानंतर मेजर लीगच्या मैदानावर तो पुन्हा उतरला नाही.

आठव्या इनिंगला मॅनेजर अस्वस्थ दिसत होता. मी सोफ्यावरून ओरडत होतो, “काढू नका रे त्याला!”