शोधनिबंधातल्या आकृतीवर आक्षेप नोंदवताना

आमच्या प्रयोगाला आधार म्हणून वाचायला घेतलेल्या एका शोधनिबंधात ‘वेस्टर्न ब्लॉट’च्या, म्हणजे प्रतिपिंडांच्या (विशिष्ट प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूंच्या) साहाय्याने नमुन्यातली प्रथिने ओळखण्याच्या चाचणीच्या, दोन पट्ट्यांनी माझे लक्ष वेधले. त्या दोन निरनिराळ्या प्रथिनांच्या म्हणून छापलेल्या होत्या. पण एक पट्टी आडवी उलटवून गडद केली की ती दुसरीवर चपखल बसत होती. पट्ट्यांचे आकार योगायोगाने सारखे निघू शकतात. मात्र पार्श्वभूमीवरचे बारीक ठिपकेही जागच्या जागी जुळले, तेव्हा योगायोगावर विश्वास ठेवणे मला शक्य झाले नाही.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०,६२१ शोधनिबंध तपासले होते आणि त्यांपैकी ३.८ टक्के निबंधांत सदोष आकृत्या आढळल्या होत्या. त्यांनी केलेले वर्गीकरण मला नियतकालिकाच्या संपादकांना आक्षेपाचे पत्र लिहिताना फार उपयोगी पडले. एकच चित्र जसेच्या तसे दोनदा आले असेल, तर चुकीची फाइल जोडली गेली असे म्हणता येते. चित्र फिरवून, उलटवून किंवा त्यात फेरफार करून वापरले असेल, तर तसे म्हणणे कठीण होते. तरीही ‘बनावट’ आणि ‘फसवणूक’ हे शब्द मी पत्रात कटाक्षाने टाळले, कारण चित्रावरून साम्य दिसते, हेतू दिसत नाही. आकृतीचा क्रमांक, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन्ही पट्ट्या आणि तुलनेसाठी मी केलेले बदल, एवढेच संपादकांना पाठवले.

ते नियतकालिक १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोप’ या प्रकाशन नीतिमत्ता समितीचे सदस्य होते, त्यामुळे पुढची वाट ठरलेली होती: आधी लेखकांकडे खुलासा आणि मूळ प्रतिमा मागायच्या, समाधान झाले नाही तर त्यांच्या संस्थेला चौकशीची विनंती करायची. मूळ प्रतिमा आता उपलब्ध नाहीत, असे लेखकांनी कळवले. एका सहलेखकाने आपण केवळ नमुने पुरवल्याचे सांगितले. मग लेखक म्हणून नाव कशासाठी लावले, हा प्रश्न मला पडलाच, कारण लेखकत्वाच्या प्रचलित निकषांत कामाची जबाबदारी स्वीकारणेही येते.

खरे रेंगाळणे यानंतर सुरू झाले. प्रयोगवह्या ताब्यात घेण्याचा किंवा जबाब नोंदवण्याचा अधिकार संपादकांना नसतो; तो संस्थेला असतो, आणि स्वतःच्याच संशोधकांची चौकशी करताना संस्थेची प्रतिष्ठाही पणाला लागलेली असते. या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा मला हाच वाटतो. दरम्यान त्या निबंधाचे दाखले दिले जातच होते, म्हणून चौकशी संपेपर्यंत वाचकांना सावध करणारी सूचना निबंधासोबत जोडावी, अशी विनंती मी केली. बऱ्याच स्मरणपत्रांनंतर ती मान्य झाली.

अखेर संस्थेचा अहवाल आला आणि निबंध मागे घेण्यात आला. सूचनेत आकृती विश्वासार्ह नसल्याचे म्हटले होते, दोष कोणाचा हे नव्हते. माझ्या सहकाऱ्यांना ते खटकले. मला मात्र ते योग्य वाटले, कारण निबंध मागे घेण्याचा उद्देश संशोधनाची नोंद दुरुस्त करणे हा असतो, लेखकांना शिक्षा करणे हा नव्हे. निबंध संकेतस्थळावरून काढून टाकलेला नाही. ‘मागे घेतलेला’ असा शिक्का प्रत्येक पानावर ठेवून तो तसाच उपलब्ध आहे. आम्ही मात्र त्याच्या आधारे ठरवलेल्या प्रतिपिंडाच्या मात्रा रद्द करून त्या चाचण्या नव्याने केल्या.