करंजाच्या पानांवरच्या गाठी
सांगलीत रस्त्याकडेच्या करंजाची पानं बोटासारख्या गाठींनी भरलेली दिसतात. या गाठी करणारा किडा नव्हे, एरिओफिड कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानावर जगणारा सूक्ष्म ‘माइट’): जेमतेम ०.२ मिलिमीटर, गाजरासारखा निमुळता आणि पाय चारच! ताजी गाठ ब्लेडने उभी चिरा, भिंगाखाली धरा. पांढुरके ठिपके सरकताना दिसतील.

कोळ्याने कोवळं पान टोचलं की तिथल्या पेशी वाढत जातात आणि त्याच्याभोवती घरच उभं राहतं. म्हणून गाठ झाल्यावरची फवारणी वायाच, औषध आत पोचत नाही. मोठ्या झाडाला काही करूच नका, ते तग धरतं. रोपवाटिकेत मात्र गाठाळलेली पानं तोडून जाळा आणि पालवी फुटतानाच पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. पारा ३५च्या वर असेल तर थांबा, कोवळी पानं करपतात.