काल वेगळंच सांगितलं होतंस

दिवे घाटात मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "माउली, पहिलीच वारी का? कसं काय मनात आलं?" विचारणारा पुण्यातला कॉलेजचा पोरगा होता, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून उलटा चालत होता. २०२३चा जून होता तो, कोरडाठाक. पावसाचा पत्ता नाही, घाट तापलेला, आणि माझी टाळ धरायची हौस हडपसरलाच फिटलेली. तरी मी घाम पुसून झकास उत्तर दिलं. वडील वारकरी होते, गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांची वारी चुकली, ती मी पुरी करतोय. पोराचे डोळे पाणावले. माझेही.

सासवडला पालखी दोन दिवस असते. तिथे पायाच्या फोडांना मलम लावणाऱ्या डॉक्टर मुलीला सांगितलं, साखर वाढलीय, म्हटलं चालू या. जेजुरीत अंगावर भंडारा पडला त्या संध्याकाळी विणेकरीबुवांना सांगितलं, तीस वर्षं नोकरी केली, आता मन कशात लागत नाही. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं त्या दुपारी शेजारच्या टाळकऱ्याला आणखी काहीतरी. यातलं एकही खोटं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या दिंडीत खानापूर तालुक्यातल्या एक आक्का होत्या. सत्तरीच्या. डोक्यावर तुळस घेऊन चालायच्या आणि चालताना सगळ्यांचं सगळं ऐकायच्या. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावला, गर्दी पांगली, आणि आक्का सहज म्हणाल्या, "काल तू येगळंच सांगितलं हुतंस."

"काय वेगळं?"

"काल नोकरी. परवा बाप. त्या डाक्टरणीला साखर. कितीजण मिळून आलायसा?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मला राग आला. मी स्वतःला मितभाषी समजतो. ऑफिसात माझी ख्यातीच तशी, घरीही बायको म्हणते, यांच्या तोंडून शब्द काढायला सांडशी लागते. दिंडीत मात्र माझं नाव 'रेडू' पडलं होतं. म्हणजे रेडिओ. हे मला फलटणला कळलं, तेही चहा वाटणाऱ्या पोराकडून.

बरडच्या मुक्कामी कीर्तनाला बुवांनी तुकोबांचा तो अभंग घेतला, 'याति शूद्र वैश केला वेवसाव'. लहानपणापासून ऐकलेला. या वेळी दुसऱ्याच ओळीला अडलो: 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्ही संतीं.' स्वतःबद्दल बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आणि मग काय सांगतात? दुष्काळानं पैसा आटला, मान गेला, एक बायको 'अन्न अन्न' करत मेली, धंदा बुडाला, लाज वाटली. १६३०च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, पण त्याचं वर्णन नाही, त्याच्यावर खापर नाही. मी त्या जागी असतो तर दुष्काळावरच वीस मिनिटं बोललो असतो. सावकार, सरकार, भाऊबंद, सगळे आले असते त्यात. लाज तेवढी राहून गेली असती.

बुवा नंतर भक्तीकडे वळले. मी तिथेच राहिलो.

नातेपुत्यापर्यंत मी खरंच गप्प होतो. मग आक्काच मागे आल्या. चालता चालता म्हणाल्या, "रागावलास व्हय? पर येक सांगू? तुझ्या समद्या गोष्टींत तुझा भाऊ येतो. बापाच्या गोष्टीत, नोकरीच्या गोष्टीत. साखरंच्यात सुदिक. आन् भाऊ आला की तू पाण्याची बाटली काडतोस. पाणी पितोस आन् दुसरंच बोलाया लागतोस."

मी हसण्यावारी नेलं. तासाभराने टाळकऱ्याला गावचा बैलपोळा सांगत होतो, त्यात धाकट्याचं नाव आलं आणि माझा हात पिशवीत गेलेला मला दिसला. बावन्न वर्षं ज्याच्याबरोबर राहतोय त्याची ही सवय मला ठाऊक नव्हती. पंधरा दिवसांच्या ओळखीच्या बाईला ठाऊक होती.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून सगळी वारी उतारावरून धावते. आक्का तुळस सावरत माझ्यापुढे पळाल्या. माझी बाटली त्या धुरळ्यात कुठेतरी पडली. समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला, हजारो टाळ एकदम गप्प झाले आणि हरवल्या-सापडल्याची यादी पुकारली गेली. बाटली कोण पुकारणार? दहा रुपयांची ती.

रात्री जेवणं झाल्यावर राहुटीबाहेर आक्का गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. मीच सुरू केलं. आणि आश्चर्य म्हणजे मला सांगता येईना. एरवी माझ्या गोष्टींना सुरुवात-मध्य-शेवट असतो, कुठे थांबायचं ते पाठ असतं. इथे आधी वाटणीच सांगितली, मग आईचं आजारपण, मग परत वाटणी. तलाठी कार्यालयातल्या बाकावर भावाची लहान मुलगी झोपली होती, हे मध्येच आठवलं. सहीच्या वेळी धाकटा माझ्याकडे बघत होता आणि मी फॅनकडे. विहिरीपाशी आलो तेव्हा आक्कांची मान खाली गेली होती. झोपल्या, असं समजून मी थांबलो. सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

भंडीशेगावपर्यंत त्या त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. वाखरीला निघालो, वाटेत बाजीराव विहिरीचं रिंगण. माणसांचा समुद्र, पताका खांद्यावर टेकवून बसलेला. अश्व यायला वेळ होता. आक्का उन्हात डोक्यावर पदर ओढून बसल्या होत्या. विहिरीकडे बघत म्हणाल्या, "मग? तुमची हीर कुणाकडं गेली?"

"माझ्याकडं."

"आन् तू ऱ्हातोस?"

"पुण्याला."

"पाणी हाय का तिला?"

"आहे. मेमध्येसुद्धा असतं."

"धाकटा काय करतो मग?"

"टँकर मागवतो."

आक्कांनी तुळस जवळ ओढली. लांबून टाळांचा आवाज चढत येत होता.

"सरकून बस," त्या म्हणाल्या, "घोडं आलं."