नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे: हवामान आणि बंदरांवरील सहलींचे नियोजन

कोल्हापूरहून नॉर्वेला निघालो, तेव्हा प्रत्येकाने थंडीबद्दल विचारले. प्रत्यक्षात थंडीपेक्षा वारा आणि पाऊस यांची तयारी अधिक उपयोगी पडली. बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंतच्या या सागरी मार्गाची सुरुवात १८९३ मध्ये ट्रोंडहाइम ते हॅमरफेस्ट या टप्प्याने झाली आणि आजही त्यावरील जहाजे पर्यटकांबरोबर स्थानिक प्रवासी व माल यांची ने-आण करतात. त्यामुळे वाटेत ३४ बंदरे असली, तरी बहुतेक ठिकाणी जहाज थोडाच वेळ थांबते आणि निवांत उतरून फिरता येईल अशी बंदरे मोजकीच आहेत. जाताना जी बंदरे दिवसा लागतात, त्यांतील बरीचशी परतताना रात्री लागतात. म्हणून तिकीट काढण्याआधी वेळापत्रक समोर ठेवून बसावे.

बर्गनला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही, पण तिथे पावसाला ठरावीक हंगाम नसतो आणि वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. टोपी असलेले जलरोधक जाकीट, तशीच विजार आणि आत लोकरीचे पातळ थर एवढे असले, की जूनमध्येही डेकवर तासन्‌तास उभे राहता येते. एकच जाडजूड कोट मात्र बसमध्ये नकोसा होतो. अंदाजासाठी नॉर्वेच्या हवामान संस्थेची ‘यर’ ही सेवा पाहावी. तीत तापमानाआधी वाऱ्याचा वेग पाहण्याची सवय लावून घ्यावी.

बेटांच्या आडोशाने जाताना समुद्र शांत असतो, परंतु बोडो सोडल्यानंतर लोफोटेन बेटांपर्यंतचा व्हेस्टफ्योर्ड उघडा आहे. तिथे काही तास जहाज चांगलेच हलू शकते. आमच्याबरोबरच्या काकूंनी गोळी बोडोतच घेतली होती आणि आलेपाकाची वडी तोंडात धरून त्या डेकच्या मध्यभागी क्षितिजाकडे पाहत बसून राहिल्या. लोफोटेनची काळी सुळकेदार भिंत पाण्यातून वर येताना त्यांनीच सर्वांत आधी पाहिली. केबिनमध्ये जाऊन आडवे झालेल्यांना ती दिसली नाही.

सहलींबाबत माझे मत असे, की साऱ्या सहली घरूनच आरक्षित करू नयेत. नॉर्थ केप या उत्तर टोकाकडच्या कड्यासारखी, जागा लवकर भरणारी सहल आधी घ्यावी. पण लहान बोटीतून गरुड पाहणे किंवा डोंगरावर चढणे यांसारखी, हवेवर अवलंबून असलेली सहल जागा शिल्लक असल्यास जहाजावर अंदाज पाहून ठरवावी. एका बंदरात उतरून बसने पुढच्या बंदरात जहाज गाठायचे, अशा सहली जहाज कंपनीकडूनच घेतलेल्या बऱ्या. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

नॉर्थ केपविषयी एक गैरसमज आधीच दूर करावा. तिथे मध्यरात्रीचा सूर्य साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत असतो हे खरे, परंतु उत्तरेकडे जाणारे जहाज तिथल्या जवळच्या होनिंग्सवॉग बंदराला दुपारच्या सुमारास पोहोचते, त्यामुळे या सहलीत तो कड्यावरून दिसत नाही. आकाश मोकळे असेल, तर तो रात्री डेकवरून पाहावा. कडा ३०७ मीटर उंच आहे आणि बंदरात ऊन असतानाही वर धुके असू शकते. आम्ही पोहोचलो तेव्हा पृथ्वीगोलाचा लोखंडी सांगाडा दहा पावलांवरूनही दिसत नव्हता. बरेच जण इमारतीत शिरले, आम्ही कठड्यापाशी थांबलो, आणि निघण्याच्या थोडे आधी वाऱ्याने धुके फाडले तेव्हा खाली करडा समुद्र लख्ख दिसला. तेवढ्यासाठी वर मिळणाऱ्या वेळेतील बहुतेक वेळ बाहेरच घालवावा.

मुंबईहून जोडविमानाने जाणाऱ्यांनी बर्गनला किमान एक रात्र आधी पोहोचावे. नॉर्वे युरोपीय संघात नसला, तरी शेंगेन व्हिसाच लागतो. शाकाहारी जेवणाची सूचना आरक्षण करतानाच लेखी द्यावी. किर्केनेसहून विमानाने परतायचे, की त्याच जहाजाने, हा निर्णय सुट्टीवर अवलंबून राहील; जहाजाने परतल्यास ट्रोम्सोला मध्यरात्रीच्या सुमारास थांबा मिळतो आणि तिथल्या आर्क्टिक कॅथेड्रलमधील संगीताची सहल घेता येते.